बर्फाखालचा मासा आणि भाला : पुण्याहून जाणाऱ्या नवख्यांसाठी

पुण्यातून दर वर्षी कितीतरी मंडळी नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या निमित्ताने मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत जातात. पहिल्याच हिवाळ्यात त्यांना गोठलेल्या तलावांवर लहान लहान खोपटी उभी दिसतात आणि आत माणसे तासन्‌तास पाण्याकडे बघत बसलेली असतात. त्यांतल्या बहुतेक खोपटांत गळ असतो. थोड्या खोपटांत मात्र मिट्ट काळोख असतो आणि तिथे भाला असतो. मी मिनेसोटात चार हिवाळे काढले, त्यांतले बरेचसे रविवार अशाच काळोख्या खोपटात घालवले, आणि पुण्यात परतल्यापासून तिकडे निघालेल्या ओळखीच्या मुलामुलींना हे सगळे तोंडी सांगत आलो आहे. तेच आता क्रमाने लिहून ठेवतो.

आरंभीच एक गोष्ट मनात पक्की करावी. गळाला लागलेला मासा लहान निघाला किंवा भलत्याच जातीचा निघाला, तर तो पाण्यात परत सोडता येतो. भाल्याने टिपलेला मासा परत सोडता येत नाही. त्यामुळे मासा कोणता, केवढा आणि तो घ्यायचा की नाही, हे सगळे भाला सुटण्याच्या आधी, केवळ डोळ्यांनी ठरवावे लागते. पुढची प्रत्येक पायरी या एका अटीतून आलेली आहे.

काळोख कशासाठी

या खोपटाला तिकडे डार्कहाऊस म्हणतात. खोपटाच्या आत उजेड येऊ दिला नाही, की बाहेरच्या बर्फातून झिरपलेला सूर्यप्रकाश पाण्यात पसरतो आणि खालून वर येऊन भोकातून दिसतो. काळोख्या खोलीत जमिनीत बसवलेली एखादी हिरवट काच आतून उजळावी, तसे ते पाणी दिसते. आपण मात्र माशाला दिसत नाही. दाराच्या फटीतून एक तिरीप जरी आत आली, तरी पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा चमकतो आणि तळ दिसेनासा होतो. म्हणून खोपटाच्या कडेने बाहेरून बर्फाचा भुगा लोटून प्रत्येक फट बुजवावी लागते. ओजिब्वे आणि ग्रेट लेक्सच्या परिसरातील इतर आदिवासी समाज पूर्वीपासून हेच करीत आले आहेत. भोकाशेजारी पालथे पडायचे, डोक्यावरून कातडे किंवा घोंगडी ओढून घ्यायची आणि एका हाताने लाकडी मासा नाचवीत दुसऱ्या हातात भाला धरायचा, ही त्यांची रीत. आजचे खोपटे हे त्या घोंगडीचेच मोठे रूप आहे.

मासा बर्फाखाली जिवंत कसा राहतो, हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. पाणी सुमारे ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. थंडी वाढत गेली की ते जड पाणी तळाशी बसते, त्याहून थंड पाणी हलके होऊन वर येते आणि पृष्ठभागावरच गोठते. बाहेर उणे २० अंश असले, तरी बर्फाच्या चादरीखाली माशांचे जग शांतपणे चालू असते.

परवाना आणि नियम : निघण्यापूर्वीचे काम

मिनेसोटात डार्कहाऊसचा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू होतो आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी संपतो. प्रौढ व्यक्तीला मासेमारीचा नेहमीचा परवाना आणि त्याखेरीज भाल्याचा वेगळा परवाना, असे दोन्ही साधारणपणे लागतात. राज्याबाहेरच्या व्यक्तींनाही ते मिळतात. मुख्य सावज म्हणजे नॉर्दर्न पाइक, लांबट अंगाचा आणि बदकाच्या चोचीसारख्या चपट्या तोंडाचा शिकारी मासा. वॉलआय, बास आणि मस्की या माशांवर मिनेसोटात भाला चालवणे हा गुन्हा आहे. २०१८ पासून पाइकसाठी राज्याचे तीन विभाग केलेले आहेत आणि प्रत्येक विभागात किती मासे घ्यावेत व किती इंच लांबीचे घ्यावेत, याचे नियम वेगळे आहेत. ज्या तलावावर जायचे तो कोणत्या विभागात येतो हे आधी पाहावे, आणि राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाची त्या वर्षीची नियमपुस्तिका खोपटात सोबत ठेवावी, कारण नियम बदलत असतात. कोणी मित्राने गेल्या वर्षीचा नियम छातीठोकपणे सांगितला तरी त्यावर विसंबू नये.

विस्कॉन्सिनमधील विनेबेगो तलावावर स्टर्जन या अजस्र माशाचा भाल्याचा हंगाम भरतो. तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी सुरू होतो, जास्तीत जास्त १६ दिवस चालतो, आणि ठरलेली संख्या पूर्ण झाली की आधीच बंद होतो. तिथला परवाना ३१ ऑक्टोबरपर्यंत काढावा लागतो आणि ३६ इंचांहून लहान मासा घेता येत नाही. २०१० मध्ये तिथे २१२.२ पौंडांचा, म्हणजे सुमारे ९६ किलोंचा स्टर्जन मिळाला होता. हे वाचून हुरूप येणे साहजिक आहे, परंतु नवख्याने पहिली दोन वर्षे पाइकवरच हात बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

बर्फावर पाऊल ठेवण्यापूर्वी

आपण खडकवासल्याच्या काठावर वाढलेली माणसे. पाणी किती खोल आहे याचा अंदाज आपल्याला असतो, बर्फ किती जाड आहे याचा अजिबात नसतो. स्वच्छ, निळसर-काळा, नवा बर्फ किमान ४ इंच असल्याशिवाय त्यावर चालू नये, आणि लहान मोटार न्यायची तर ९ ते १० इंच बर्फ हवा. पांढरा, दुधट बर्फ निम्म्याच ताकदीचा असतो, म्हणून त्याची जाडी दुप्पट लागते. मोजमाप एकदा करून भागत नाही. झऱ्याच्या तोंडाशी, ओढा मिळतो तिथे, पुलाखाली आणि दाट पाणवनस्पतींवर बर्फ अचानक पातळ होतो, तेव्हा साधारण दर १५० फुटांवर पहार मारून किंवा गिरमिटाने भोक पाडून जाडी पाहत पुढे जावे. हे गिरमिट तिकडे ऑगर या नावाने मिळते.

गळ्यात दोरीने अडकवलेले दोन टोचे, तरंगणारे जाकीट, बुटांच्या तळाला लावायचे खिळ्यांचे पट्टे आणि एक सोबती, यांतले काहीही कमी असले तर त्या दिवशी घरी थांबावे. बर्फ फुटून पाण्यात पडल्यास पहिले मिनिट केवळ श्वास आवरण्यासाठी द्यायचे असते, कारण थंडीच्या धक्क्याने धाप लागते आणि घाबरून पाणी गिळले जाते. त्यानंतर हातपाय कामाचे राहतात ते जवळपास १० मिनिटे, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. ज्या दिशेने आलो तिकडचा बर्फ आपले वजन पेलत होता, म्हणून तोंड तिकडेच वळवावे, टोचे बर्फात रोवून पाय मागे झाडत अंग वर ओढावे, आणि वर आल्यावर उभे न राहता गडगडत लांब जावे.

कपड्यांबद्दल थोडक्यात सांगतो. अंगालगत सुती कपडा नको, कारण तो घाम धरून ठेवतो आणि मग गारठवतो. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे थर घालावेत, आणि मोज्यांची दुसरी जोडी खिशात ठेवावी.

पुण्यात बसून करता येईल अशी तयारी

नवखे लोक ज्याकडे दुर्लक्ष करतात ती ही पायरी, आणि मला सर्वांत प्रिय असलेलीही हीच. पाइकला भोकाखाली आणण्यासाठी पाण्यात एक लाकडी मासा सोडतात, त्याला डिकॉय म्हणतात. त्याला गळ नसतो; त्याने फक्त पोहायचे असते. मिशिगनमधील कॅडिलॅक गावचे ऑस्कर पीटरसन (१८८७–१९५१) यांनी कोरलेले असे मासे आज लोककलेचे नमुने म्हणून जपले जातात. आपल्याला तेवढी कारागिरी साधणार नाही, पण कामापुरता मासा कोणालाही घरी करता येतो.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून हलक्या, सरळ रेषांच्या लाकडाचा ८ इंच लांब तुकडा आणावा आणि चाकूने, मग कानशीने, त्याला साधारण माशाचा घाट द्यावा. बोहरी आळीतून पातळ पत्रा आणून त्याचे चार पर आणि एक शेपूट कापावे आणि लाकडात खाचा पाडून ते बसवावेत. पोटाखाली लांबट खोबण कोरून तिच्यात शिसे भरायचे असते. शिसे वितळवताना निघणारी वाफ विषारी असते, म्हणून ते घरात करू नये; मी तर शिशाचे तयार तुकडेच ठोकून बसवतो. पाठीवर मधोमध एक बारीक कडी लावून तिला दोरा बांधला की मासा तयार झाला, पण अजून तो पोहत नाही.

माझी पहिली परीक्षा गच्चीवरच्या पिंपात झाली. मासा पाण्यात सोडला, तर तो डोके खाली करून दगडासारखा तळाशी गेला. पुढच्या टोकाचे थोडे शिसे खरवडून काढल्यावर तो सपाट राहून सावकाश बुडू लागला. मग शेपटीचा पत्रा दोन बोटांनी डावीकडे किंचित वाकवला, पुढचे पर थोडे वर उचलले आणि दोऱ्याला हलका झटका दिला. तेव्हा त्याने पिंपाच्या कडेकडेने एक संथ, गोल फेरी मारली आणि पुन्हा मध्यावर येऊन थांबला. ती फेरी बघितल्यावर हात आपोआप मऊ होतो. दोरा किती उचलायचा, किती सोडायचा, झटका मनगटाचा असावा की खांद्याचा, हे बर्फावर शिकत बसण्यापेक्षा पिंपापाशी शिकणे पुष्कळ सोपे. रंग अगदी हुबेहूब हवा असे नाही. पांढरे पोट, हिरवी पाठ आणि लाल डोके हे मला नेहमी चालले. प्रवासात हा मासा मोठ्या बॅगेत जातो, मात्र लाकडाला साल राहू देऊ नये आणि तिकडे उतरल्यावर कस्टममध्ये लाकडी वस्तू म्हणून तो जाहीर करावा.

भाला मात्र तिकडेच घ्यावा. तो ५ ते ६ फूट लांब, डोक्याकडे चांगला जड आणि ५ ते ९ दात्यांचा असतो, आणि प्रत्येक दात्याला मासा निसटू नये म्हणून उलटे टोक असते. हलका भाला पाण्यात वाकडा जातो, तेव्हा वजनात कंजुषी करू नये.

इथल्या धरणांत किंवा नद्यांत भाल्याचा सराव करण्याचा विचार मनात आणू नये. पाण्याचा डोळ्यांवर होणारा परिणाम समजून घ्यायला घरची बादलीही पुरते. तिच्यात एक नाणे टाकून आधी थेट वरून आणि मग तिरपे पाहावे. थेट वरून पाहिले तरी पाणी असते त्यापेक्षा उथळ दिसते. खरी खोली दिसणाऱ्या खोलीच्या सुमारे सव्वापट ते दीडपटीच्या दरम्यान असते. तिरपे पाहिले की नाणे जागचेही सरकलेले दिसते. मासा आपल्या अगदी खाली येईपर्यंत थांबायचे ते याचसाठी.

जागा आणि भोक

पाइक पाणवनस्पतींच्या कडेने फिरतो. वनस्पती संपून पाणी खोल होऊ लागते ती रेषा शोधावी आणि ५ ते १० फूट खोलीवर खोपटे उभारावे. त्याहून खोल पाण्यात माशाची ओळख पटवणे नवख्याला जड जाते. तिथले स्थानिक लोक यात फार उदार असतात. तलावाकाठच्या आमिषांच्या दुकानात आदराने विचारले, तर जागाही सांगतात आणि धोकेही सांगतात.

गळाचे भोक वाटीएवढे असते, भाल्याचे मात्र साधारण २ फूट रुंद आणि ३ फूट लांब हवे. चारही कोपऱ्यांवर गिरमिटाने भोके पाडावीत आणि ती बर्फाच्या लांब करवतीने जोडावीत. इथे वजनाचा विचार करावा : बर्फ एक फूट जाड असेल तर कापलेला ठोकळा जवळपास १५० किलोंचा भरतो. तो उचलण्याच्या भरीला पडू नये. एक कड पहारीने खाली दाबून तो बाजूच्या बर्फाखाली सरकवून द्यावा, किंवा त्याचे तुकडे करून मोठ्या चिमट्याने एकेक वर काढावेत. तरंगणारा भुगा झाऱ्याने काढून पाणी स्वच्छ करावे, मग त्यावर खोपटे ठेवावे आणि फटी बुजवाव्यात. राज्याच्या नियमाप्रमाणे खोपटावर बाहेरून नाव-पत्ता किंवा परवान्याचा क्रमांक ठळक लिहावा.

आत गॅसची शेगडी पेटवणार असाल तर छताजवळ एक आणि जमिनीजवळ एक, अशी हवेची वाट ठेवावी. ती वाट वाकडी असली तर हवा येते आणि उजेड येत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून त्याची सूचना देणारे बॅटरीवरचे यंत्र खोपटात टांगावे. डोके दुखू लागले किंवा मळमळू लागले, तर लगेच बाहेर पडावे.

बसणे, पाहणे आणि भाला सोडणे

भाल्याची दोरी खोपटाच्या खांबाला बांधली आहे ना, हे बसण्यापूर्वी हाताने ओढून पाहावे. भाला भोकाच्या कडेला अशा रीतीने टेकवून ठेवावा की त्याचे दाते आधीच पाण्यात असतील. ऐन वेळी कोरडा भाला पाण्यात शिरताना जो आवाज होतो, त्याने मासा पळतो. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला काही मिनिटे लागतात, तेवढा वेळ डिकॉयला हात लावू नये.

मग त्याला पाण्याच्या निम्म्या खोलीवर फिरवत राहावे : दोन फेऱ्या, थोडी विश्रांती, पुन्हा एक फेरी. कधी दहा मिनिटांत काही दिसते, कधी सबंध दिवसात नाही. पाइक बहुधा गाजावाजा न करता येतो. भोकाच्या कडेला आधी नाक दिसते, मग डोळे, मग अंग सरकत येते आणि डिकॉयपासून हातभर अंतरावर तो स्थिर उभा राहतो. त्या क्षणी छातीत धडधड सुरू होते आणि हात भाल्याकडे जातो. तिथेच स्वतःला आवरावे आणि तीन गोष्टी बघाव्यात.

पहिली गोष्ट जात. पाइकच्या अंगाचा रंग गडद आणि त्यावर फिक्या ठिपक्यांच्या रांगा असतात. मस्कीचे अंग फिके आणि त्यावर गडद पट्टे किंवा डाग असतात. पाइकच्या शेपटीची टोके गोलसर असतात, मस्कीची अणकुचीदार. काही मस्की जवळपास बिनखुणेच्या असतात, म्हणून केवळ रंगावर निकाल देऊ नये. दुसरी गोष्ट लांबी. डिकॉय ८ इंचांचा आहे हे आपल्याला ठाऊक असते, तेव्हा मासा त्याच्या शेजारी आला की किती डिकॉय लांब आहे ते मोजावे. तिसरी गोष्ट जागा : मासा आडवा, स्थिर आणि आपल्या सरळ खाली आहे का. या तिन्हींतल्या एकीवरही शंका असली, तर भाला उचलू नये.

पहिल्या हिवाळ्यात मी हे पाळले नाही. भोकाच्या कडेशी नुसती शेपटी दिसली आणि मी भाला फेकला. वर आला तेव्हा दात्यांवर चार खवले होते आणि पाण्यात एक पुसट तांबूस रेघ विरत चालली होती. तो मासा मला मिळाला नाही, आणि तो वाचला असेल असेही मला वाटत नाही. त्या दिवसानंतर पूर्ण मासा दिसल्याशिवाय मी भाल्याला हात लावलेला नाही.

तिन्ही गोष्टी पटल्या, तर भाला सावकाश उचलून दाते पाण्याबाहेर न काढता माशाच्या वर आणावा. दात्यांची रांग त्याच्या पाठीच्या कण्याला आडवी धरावी, म्हणजे हात इंचभर चुकला तरी निशाणा चुकत नाही. नेम डोक्याच्या लगेच मागे. भाला फेकायचा नसतो. खाली सरळ लोटून सोडून द्यायचा असतो, बाकीचे काम त्याचे वजन करते. मासा तळाशी दाबला गेला की क्षणभर थांबून दोरी एकसारख्या ओढीने वर घ्यावी, बाहेर नेऊन माशाच्या डोक्यावर एकच जोरदार घाव घालून त्याला लगेच शांत करावे, आणि त्याच्या तोंडात बोटे घालू नयेत, कारण पाइकचे दात पात्यासारखे असतात.

निघताना, आणि मग स्वयंपाकघरात

खोपटे हलवले की मागे राहते ते २ बाय ३ फुटांचे उघडे पाणी. रात्रीतून त्यावर पातळ साय धरते, वरून बर्फ पडतो, आणि दुसऱ्या दिवशी तिथून जाणाऱ्या माणसाला खाली काय आहे हे कळत नाही. चारही बाजूंना झाडाच्या उंच फांद्या रोवून आणि बाहेर काढलेले बर्फाचे तुकडे कडेने रचून ती जागा दुरून दिसेल अशी करावी. अंधार पडू लागला, थंडी वाढली, बोटे बधिर झाली तरी हे काम उद्यावर टाकू नये.

पाइकचे मांस पांढरे, घट्ट आणि कमी चरबीचे असते. अंगावर चिकट बुळबुळीत थर असतो, तो मीठ चोळून धुवावा. मोठ्या पाइकच्या अंगात पारा साठलेला असू शकतो; कोणत्या तलावाचा मासा किती वेळा खावा याची आरोग्यविषयक सूचना राज्याकडून प्रसिद्ध होते. ती वाचावी, आणि गरोदर स्त्रिया व लहान मुलांच्या बाबतीत काटेकोरपणे पाळावी.

पाइकच्या पाठीकडच्या मांसात इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखे दुभंगलेले काटे असतात, आणि त्यांमुळे अनेक जण हा मासा नाकारतात. काट्यांचा पालवा खाणाऱ्या आपल्या माणसांना त्याचे भय वाटायचे कारण नाही. तुकड्यांवर धारदार सुरीने दर तीन-चार मिलिमीटरवर आडव्या खाचा पाडाव्यात, कातडीपर्यंत खोल, पण कातडी न कापता. त्यांना हळद, तिखट, आले-लसूण आणि सोबत नेलेले कोकमाचे आगळ चोळून अर्धा तास ठेवावे, मग तांदळाच्या पिठात घोळवून चांगल्या तापलेल्या तेलात कुरकुरीत तळावे. खाचांमुळे बारीक काटे तुटून तेलात खमंग होतात आणि मांसाबरोबर चावले जातात. जाड काटे तरीही उरतात, म्हणून पहिला घास मुलांना देण्यापूर्वी बोटांनी चाचपून पाहावा.